फाटकावरची झडती

घरचा कॉम्प्युटर दोन दिवस आपोआप बंद पडत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून साकोलीच्या दुकानात अँटीव्हायरस घ्यायला गेलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते प्रत्येक खोका हातात घेत आणि आत काही लपवलंय की काय, अशा संशयानं चारही कोपरे दाबून पाहत.

"हा आपल्या साऱ्या फायली उघडून पाहते काय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"पाहिल्याबिगर व्हायरस सापडन कसा, काका?"

त्यांनी खोका सावकाश खाली ठेवला आणि ते माझ्याकडे वळले. "मी कारखान्याच्या फाटकावर तीस वर्सं झडती घेतली, भाऊ. कोनाच्या डब्यात नुसता मीठ-भात हाये, मले सारं ठाऊक राहे. मी कधी कोनाले सांगतलं नाही. पन हा सांगनार नाही कशावरून?"

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. ते रिकाम्या हातानं गेले, मी मात्र एक खोका घेतला.

घरी तपासणी सुरू झाली तशी पडद्यावर फायलींची नावं सरकू लागली. त्यांत माझा राजीनामाही होता, बायकोपासून लपवून लिहिलेला. त्याचं नाव आलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, तरी मी डब्यावर झाकण ठेवावं तसा पडद्यावर तळहात ठेवला.