न छापलेला डॉलर

आमच्या जेरेमी गावच्या बाजारात सगळ्या बायका डॉलरमध्ये भाव सांगतात, आणि तो डॉलर आजवर कुणीही डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याचं नाणं नाही, नोट नाही. पाच गुर्द म्हणजे एक डॉलर, एवढंच. गिऱ्हाईक विचारतं, "केवढ्याला?" आपण म्हणतो, "दहा डॉलर," आणि ते मुकाट्याने पन्नास गुर्दची नोट काढून देतं. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. विचित्र वाटायची ती फिलोमीझ, कारण ती म्हणायची, "पन्नास गुर्द."

फिलोमीझला जाऊन आता वर्ष झालं. बाजारात तिच्याविषयी बरंच बोललं जातं आणि त्यातलं निम्मं चूक असतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी त्या डॉलरचं सांगते. माझे वडील बंदरावर कॉफीची पोती वाहायचे, पण वाचता येत असल्यामुळे हातात येईल ते वाचायचे, नोटासुद्धा. अमेरिकेचे सैनिक आमच्या देशात ठाण मांडून होते त्या काळात एका खऱ्या डॉलरला पाच गुर्द असा दर पक्का झाला. जुन्या नोटांवर तसं छापलेलंच असायचं. पुढे गुर्द घसरला, नोटेवरची ती ओळ गुपचूप काढून टाकली गेली, पण आमच्या तोंडातला डॉलर काही गेला नाही. त्याच्याही आधी, म्हणे, उत्तरेकडच्या एका राजाने तिजोरीत खडखडाट बघून गावोगावचे तुंबे जमा करवले आणि पैसे म्हणून तेच चालवले. गुर्द म्हणजे तुंबाच. ही गोष्ट सांगून वडील वर म्हणायचे, "तुंबा बरा होता. फुटला तर निदान दिसायचा तरी."

फिलोमीझ डोंगरातून आली होती, देरिलुसशी लग्न करून. नीरफणस विकायची. पहाटे खेचरावर दोन टोपल्या लादून यायची आणि माझ्या शेजारी बसायची. मी तांदूळ आणि मीठ विकते. फणस हातात घेऊन नुसतं बोटाने वाजवून सांगायची की हा आज कुटायचा, हा उद्या. तिने सांगितलेल्या फणसाचं टोमटोम, म्हणजे उकडून कुटलेला गोळा, कधी चिकट झालं नाही. हसायची मोठ्याने, भांडायची त्याहून मोठ्याने. माझी धाकटी लेक झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिनेच धरली, आणि तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमे. कोमे म्हणजे मैत्रिणीच्या वरची आणि बहिणीच्या जराशी खालची. त्या दिवसांत तीही सगळ्यांसारखी डॉलरच बोलायची.

एका अमेरिकन डॉलरला चाळीस गुर्द पडायचे तेव्हाची गोष्ट. लाकडं फोडताना देरिलुसच्या पायावर कुऱ्हाड बसली. तीन दिवस पाला बांधला, आणि चौथ्या दिवशी पाय काळा दिसायला लागला. फिलोमीझने त्याला खेचरावर घातलं आणि दोन तासांवर गोऱ्यांचं एक हॉस्पिटल होतं तिथे नेलं. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, "कागद, ऑपरेशन, औषधं, सगळं मिळून तीस डॉलर." कारकून आपल्यातलाच, इथलाच पोरगा. गोऱ्यांकडचे हे डॉलर कोणते, असं खिडकीशी सगळ्यांदेखत विचारायची तिला लाज वाटली. तिने खेचर वळवलं आणि नवऱ्याला परत घेऊन आली.

घरी त्याला निजवून ती तडक माझ्याकडे बाजारात आली. घामाने निथळत होती.

"कोमे, तीस डॉलर मागतायत. कोणते डॉलर ग?"

मी सहावीपर्यंत शिकलेली. बाजारात कुणाला कागद वाचून हवा असला की माझ्याकडे यायचं, याचा मला तोरा होता. मी क्षणभरही थांबले नाही.

"अगं, गोऱ्यांचं हॉस्पिटल ते! ते काय आपल्यासारखे तोंडातले डॉलर घेणार? खरे अमेरिकन. बाराशे गुर्द झाले."

"बाराशे," ती म्हणाली, आणि छातीशी खोचलेल्या रुमालाच्या गाठीवर तिचा हात गेला. त्या गाठीत एकशे ऐंशी गुर्द होते.

तो गुरुवार होता. बकऱ्या विकल्या जातात त्या शनिवारच्या बाजारात. शुक्रवारी ती आपल्या दोन बकऱ्या घेऊन दारोदार फिरली, पण घाईचा विक्रेता दिसला की लोक भाव पाडतात. शनिवारी दोन्ही बकऱ्या गेल्या, कानातलं गेलं, आणि कमी पडत होते ते दोनशे गुर्द मी घातले. घातले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग देरिलुसला टापटापच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी गाडीच्या, मागच्या बाकावर आडवं घालून आम्ही दोघी निघालो. तो तापाने बडबडत होता, कुठल्याशा बैलाला हाका मारत होता.

खिडकीत तोच पोरगा होता. फिलोमीझने सगळ्या नोटा त्याच्यापुढे ठेवल्या. आमच्या नोटा तुम्ही पाहिल्या नसतील. शंभर हातांतून फिरून त्या इतक्या मऊ आणि मळकट झालेल्या असतात की जुन्या फडक्याची चिंधी वाटावी. त्याने त्या एकेक करून वेगळ्या केल्या, दीडशे गुर्द मोजून घेतले आणि उरलेला गठ्ठा खिडकीबाहेर सरकवला.

"हे जास्तीचे आहेत, मादाम."

"बाराशे आहेत," फिलोमीझ म्हणाली.

"पण तीस डॉलर सांगितले होते ना. तीस पंचे दीडशे." तो हसला, वाईट हेतूने नव्हे. "गावातून आलात वाटतं?"

मला त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फिलोमीझने गठ्ठा उचलला. हॉस्पिटलच्या दारात उभं राहून तिने त्यातले दोनशे गुर्द मोजले आणि माझ्या हातात दिले.

"हे लागले नाहीत," एवढंच ती म्हणाली.

देरिलुस सोमवारी गेला. डॉक्टरबाई भली होती. ती म्हणाली, "गुरुवारी आणला असता तर पाय गेला असता, माणूस राहिला असता." तिला काय ठाऊक की गुरुवारी आणलाच होता.

दिवस झाले, आणि फिलोमीझ पुन्हा टोपल्या घेऊन येऊन माझ्या शेजारी बसली. पहिल्याच गिऱ्हाइकाने भाव विचारला. ती म्हणाली, "पंचाहत्तर गुर्द." गिऱ्हाईक गोंधळलं, मनात भागाकार करायला लागलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडून डॉलर हा शब्द कुणी ऐकला नाही.

बाजाराने थट्टा करायची तेवढी केली. समोर मासे विकणारी अल्तानी तिला बँकबाई म्हणायची. "आल्या बँकबाई! काय हो, आज नोटेवर सही कुणाची?" गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे वळायची, कारण आमच्या लोकांना गुर्द मोजता येतात पण गुर्दमध्ये विचार करता येत नाही. कुणी म्हणायचं नवऱ्यामागे डोकं फिरलं, कुणी म्हणायचं घमेंड. ती ऐकून घ्यायची. मीही ऐकून घ्यायचे, आणि तांदूळ मापायचे.

मी भित्री नाही. नगरपालिकेच्या माणसाला मी मापाच्या डब्याने हाणलेलं आहे. पण 'कोमे, माझं चुकलं' हे तीन शब्द माझ्याच्याने म्हणवले नाहीत. रोज वाटायचं, आज ती माझ्यावर ओरडेल आणि मग मी बोलेन. ती ओरडली नाही. फणस चांगला निघाला की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची, नेहमीसारखा. पंधरा वर्षं अशी गेली.

मग सरकारने फर्मान काढलं की देशात सगळे भाव गुर्दमध्येच सांगायचे. बाजार हसून हसून लोळला. त्याच आठवड्यात स्थानिक रेडिओचा एक तरुण माइक घेऊन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथे एक म्हातारी सरकारच्या आधीपासून फर्मान पाळते आहे.

"मादाम फिलोमीझ, पंधरा वर्षं तुम्ही फक्त आपल्या देशाचं चलन बोलता! हे देशप्रेमच म्हणायचं ना?"

"देशप्रेम कसलं डोंबलाचं, हट्ट आहे नुसता!" अल्तानी ओरडली. सगळ्या हसल्या.

फिलोमीझ हसली नाही. तिने हात झग्याला पुसले आणि माइककडे बघत म्हणाली, "मला एकदा कुणी तीस डॉलर सांगितले. कोणते डॉलर, ते मी विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. त्यात माझा नवरा गेला. गुर्द म्हटलं की काही विचारावं लागत नाही. एवढंच आहे."

आणि मी उभी राहिले. माझ्या मांडीवरचा तांदूळ जमिनीवर सांडला.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "तिने विचारलं होतं. मला विचारलं होतं. मी छातीठोक सांगितलं, अमेरिकन म्हणून. तिच्या रुमालात पैसे होते. गुरुवारीच होते."

त्या तरुणाने माइक माझ्याकडे वळवला. फिलोमीझने तो हाताने झाकला.

"हे रेडिओवर लावू नकोस, बाळा. ती माझी कोमे आहे."

तो गेला. मी मान वर करू शकत नव्हते. म्हणाले, "शिव्या दे मला. मार. पंधरा वर्षं मी त्याचीच वाट बघतेय."

"आणि मी कशाची वाट बघत होते?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चढला. "तुझ्यावर रागवायचं असतं तर शनिवारीच तोंड फिरवलं नसतं का? मला रडायचं होतं, मूर्ख बाई! त्या खिडकीत काय झालं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या कुणापाशी रडणार होते? आणि तू माप घेऊन तांदूळ मोजत बसलीस."

मग ती रडली, भरबाजारात, फणसाच्या टोपल्यांमध्ये बसून. मी तिच्याजवळ जाऊन बसले. अल्तानीने मासे झाकले आणि आमच्या दोघींच्या दुकानांकडे लक्ष दिलं.

त्यानंतर फिलोमीझला पाच वर्षं मिळाली. त्या पाच वर्षांत आम्ही देरिलुसविषयी पुष्कळ बोललो, तो कसा शीळ घालायचा, पत्त्यांत कसा खोटं खेळायचा आणि पकडला की कसा हसायचा. त्याआधीची पंधरा वर्षंसुद्धा तिचीच होती. ती मी खाल्ली.