पाणवेलीची गादी

तलावाच्या बांधावर खुर्च्या मांडून बैठक चालली होती. सुरगाण्याकडचा हा छोटा तलाव जवळजवळ सगळा हिरवा झाला होता. पाणवेल, म्हणजे जलपर्णी. नाशिकला गोदावरीत दिसते तीच. तिला मुळं रुतवायला जमीन लागत नाही, तरंगत वाढते. चार रोपं पाण्यात पडली की पुढचं तीच बघते.

"मच्छीमार संस्थेने बाहेरून मत्स्यबीज आणलं, त्यातून आली," अधिकारी म्हणाले. "मासेमारीचा ठेका थांबवावा लागेल."

संस्थेचे लहानूदादा उठले. "सायेब, बीज आणलं त्याला चार वर्सं झाली. येल आली औंदा. इतके दिस ती वाट इचारत फिरत व्हती का?"

लोक हसले. मी खाली बघत होतो. वाट मला माहीत होती.

मी नाशिकच्या एका बोटिंग ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. बोट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायची तर इकडची वेल-शेवाळ तिकडे जाऊ नये म्हणून तीन कामं करावी लागतात. ड्रेन प्लग, म्हणजे बुडाचं बूच, काढून आतलं पाणी सांडायचं. बोट घासून धुवायची. मग चार-पाच दिवस उन्हात कडक वाळवायची. हा कागद मीच टाइप करून शेडमध्ये चिकटवला होता.

गेल्या हिवाळ्यात याच तलावावर आमचं बोटिंग सुरू व्हायचं होतं. सहा पेडल बोटी आदल्या दिवशी गोदावरीतून काढल्या.

"शेठ, वाळवायला वेळच नाही," मी म्हटलं.

"मग उद्याच्या उद्घाटनाच्या पाहुण्यांना कळवू का, बोटी दोरीवर वाळत टाकल्यात म्हणून?"

मीही हसलो. बोटी निदान धुतल्या.

त्या फायबरच्या होत्या. ट्रकमध्ये एकीवर एक रचल्या की घाटात घासतात, रंग जातो. म्हणून मध्ये फोम घालतात. फोम संपला होता. अंबड एमआयडीसीत जाऊन आणायचा कंटाळा आला. काठावर नदीतून उपसलेल्या पाणवेलीचा ढीग पडला होता. ओली, फुगीर, आयती.

"हीच कोंबा," मी म्हणालो.

गादी झकास झाली. एका बोटीवर ओरखडा नाही. शेठनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तलावावर बोटी उतरवल्यावर वेलीचा पसारा मांडवासमोर पडला. पाहुणे यायच्या बेतात होते. आमच्या माणसांनी विचारलं, कुठं टाकू? मी पाण्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

उन्हाळ्यात तिथे हिरवा ठिपका दिसला. मी बघितला आणि बोललो नाही. पावसाळा सरेपर्यंत जाळं टाकायला जागा राहिली नाही. आणि आता ज्यांचं घर त्या जाळ्यावर चालतं, त्यांचाच ठेका जाणार होता.

मी उभा राहिलो. "साहेब, वेल मत्स्यबीजातून नाही आली. ट्रकने आली. मी आणली."

"बसा हो," शेजारच्या खुर्चीवरून शेठ दातओठ खात म्हणाले. मी बसलो नाही. गादीपासून कोपऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

बैठक उठल्यावर लहानूदादा जवळ आले. "उन्हाळ्यातच का नाय बोलला? तवा दोघांनी एका दिसात काढली असती."

"भीती वाटली."

"आम्हाला आता वाटत व्हती," ते म्हणाले आणि निघून गेले.

संस्थेचा ठेका राहिला. आमचं बोटिंग बंद झालं. शेठनी मला काढलं नाही, पण साइटवर पाठवत नाहीत. शेडमध्ये बसवलंय, त्या कागदासमोर. त्यावर मी पेनाने चौथी ओळ लिहिली: बोटींच्या मध्ये काय कोंबलंय तेही बघावं.

दर रविवारी वेल काढायला जातो. निम्माही तलाव मोकळा झालेला नाही. पहिल्या रविवारी गमबूट घालून पाण्यात उतरत होतो, तर लहानूदादांनी हात आडवा धरला.

"बूट नाशिकचं ना?"

"हो."

"वाळवलेत?"

मी काठावर बसून बूट काढले आणि अनवाणी उतरलो.