देवतलावावरचे रोडगे

कुंता, हे तुला उद्देशून लिहायला घेतलंय खरं, पण तू ते वाचणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. चष्मा घालायचा तुला कंटाळा. विनोद वाचून दाखवील आणि त्याच्याबद्दलची वाक्यं हळूच गाळील. म्हणून त्यालाही इथेच सांगून ठेवते, एक ओळ जरी गाळलीस तर मी स्वतः येऊन मोठ्यानं वाचीन. कुंता, तुझ्याबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. तू देवाचा नवस बुडवलास, ही एक. पोराची नोकरी टिकावी म्हणून सोंग केलंस, ही दुसरी. दोन्ही बोलणारे त्या दिवशी गेटाबाहेर उभे होते. त्यांनी धूर पाहिला, मागाहून वर येऊन रिकामी बादली पाहिली, बाकी काही नाही. आतलं मला, तुझ्या शेजारणीला, तू सांगितलंस आणि विनोदनंही सांगितलं, आणि दोघांचं जुळतं. एवढं मला पुरे आहे. आता तू गप्प बस. ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना मी सांगते.

कुंताबाई कापगते साकोली तालुक्यातल्या चिचटोल्याची. साठीला टेकलेली, अंगानं बारीक, चालायला चपळ. काळजी करायला तिला कारण लागत नाही. आभाळ आलं तर धानाची काळजी, आभाळ गेलं तरी धानाची काळजी. नवरा गेल्यावर मात्र तिच्या सगळ्या काळज्या एका जागी येऊन बसल्या, त्या एकुलत्या एका विनोदवर. विनोद बारावी झाला, पुण्याला एका कंपनीत गेला, तिथं मशीनमध्ये बोट सापडता सापडता राहिलं, आणि तो परत आला. मग सानगडीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात बसला. ते दुकानही बंद पडलं.

तेव्हा कुंताबाई देवतलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारोतीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, पोराले गावाजवळ नोकरी लागू दे, मी याच जागी रोडगे करीन आन साऱ्या गावाले जेवू घालीन.

रोडगे म्हणजे काय हे आमच्याकडे कुणी सांगत बसत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कणकेचे जाड गोळे, घडीवर घडी घालून केलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. सोबत वरण, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. हे घरच्या गॅसवर होत नाही. देवाच्या जागी, उघड्यावर, विस्तव पेटवूनच होतं. आणि कुंताबाई तर ‘याच जागी’ असं बोलून बसली होती.

देव तत्पर निघाला. त्याच वर्षी देवतलाव आणि भोवतालचं जंगल मिळून वनोद्यान झालं, गेट बसलं, कंत्राटानं रोजंदारीचे चौकीदार लागले, आणि त्यात विनोदचं नाव आलं. घरापासून सायकलनं दहा मिनिटं. कुंताबाईनं येणाऱ्या हनुमान जयंतीला रोडगे करायचं ठरवलं आणि पावसाळ्याआधीच गोवऱ्या थापायला घेतल्या.

जयंतीच्या आधी मात्र गेटावर पाटी लागली. स्वयंपाक बंद, चूल बंद, तलावात आंघोळ बंद, स्पीकर बंद, पाचनंतर आत जाणं बंद. दर्शनाला जा, बसा, पक्षी पाहा आणि घरी जा.

पाटी उगाच लागली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात पाळीमागचा सगळा उतार जळाला होता. आग मोहफुलं वेचणाऱ्यांनी पाला पेटवल्यानं लागली की पार्टीवाल्यांच्या चुलीतून, यावर गावात अजून दोन तट आहेत. पार्टीवाले म्हणजे साकोलीपासून नागपूरपर्यंतची मंडळी. दर रविवारी गाड्या भरून यायची, कोंबडी शिजवायची, गाणी लावायची, बाटल्या तलावात फेकायची. मच्छीमार सोसायटीचे केशवराव पाटीवर खूश होते. त्यांच्या माणसांचे पाय त्या काचांनी फाटले होते. गेटासमोर मारोतीच्या नावानं दुकान टाकलेला बाबुलाल मात्र चवताळला. त्याची पत्रावळी, कोल्ड्रिंक, कोंबडी, सगळं त्या रविवारांवर चालायचं.

आणि या भांडणाच्या बरोबर मधोमध, पाटीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर विनोद.

कुंताबाई रोज दुपारी त्याचा डबा घेऊन जायची. डबा निमित्त. पोरगा धड आहे की नाही हे पाहायचं असायचं. एका रविवारी ती पोचली तेव्हा एका गाडीवाल्यानं विनोदची कॉलर धरलेली.

“तुह्या बापाचा तलाव हाये का बे?”

“माह्या बापाचा असता तर तुमाले आत सोडलंच नसतं,” विनोद म्हणाला. “कुकर गाडीत ठेवा, आन जा पायी.”

“बाबूऽ!” कुंताबाई पोराला हाक मारत ओरडली. गाडीवाल्यानं हात काढला, पण शिव्या देतच गाडी वळवली.

बाबुलाल दुकानातून मजा पाहत होता. “कुंतामावशी, पोट्ट्याले समजाव जरा. चार लोकाईच्या पोटावर पाय देऊन राहिला. एखांद्या दिवशी कोनी धरून ठोकन.”

“कोन ठोकन?” तिनं विचारलं.

“मी म्हनलं का मी ठोकीन म्हनून? म्या फक्त सांगतलं.”

त्या सांगण्यानं तिचं जेवण तुटलं. संध्याकाळ झाली की ती रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहायची, सायकल दिसेपर्यंत. आणि उभ्या उभ्या तिच्या डोक्यात एक गणित पक्कं होत गेलं. नोकरी देवानं दिली, नवस फेडला नाही, म्हणून हे मागं लागलंय. फेडला नाही तर वाढत जाईल.

“घरी कर नं रोडगे,” विनोद म्हणाला. “आंगनात. देवाले काय फरक पडते?”

“मी देवाले घरचा पत्ता नाई देल्ला.”

“मंग गेटाबाहेर कर.”

“बाबुलालच्या दुकानापुढं? कोंबड्याईच्या पिसात?”

“माय, आत चूल पेटली तर माही नोकरी जाते. तुले समजते का?”

“आन नाई पेटली तर?”

विनोद उठून गेला. मी तिथं असते तर उत्तर दिलं असतं, पण मी नव्हते.

कुंताबाई मूर्ख नाही. पोराला झळ लागू नये म्हणून तिनं वाट काढली. जयंती नेमकी विनोदच्या सुट्टीच्या दिवशी येत होती. तो गेटावर नसला तर त्याच्या नावावर काही येणार नाही, असा तिचा हिशेब. उजाडायच्या आधी ती निघाली. डोक्यावर गोवऱ्यांची टोपली, काखेत कणकेची पिशवी, हातात पाण्याची गुंडी. गेटाकडून न जाता बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, धुऱ्यांवरून पाळीवर चढली. साऱ्या गावाला जेवू घालणं एकटीला जमणार नव्हतंच. आधी देवापुरते करू, मग घरी बोलावून गावाला वाढू, देव समजून घेईल. आग लागू नये म्हणून मारोतीच्या मागची बरीच जागा तिनं झाडून काढली, एक पान ठेवलं नाही, खड्डा केला आणि त्यात गोवऱ्या रचल्या.

ती निघाल्यावर विनोदचा फोन वाजला. जयंतीची गर्दी म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. कुंताबाई फोन वापरत नाही. तो घाईत सायकल काढून निघाला, आई देवळात गेली असेल म्हणून तिला शोधलंही नाही.

रोडगे निखाऱ्यात पुरले तेव्हा ऊन वर आलं होतं. वारा नव्हता. गोवऱ्यांचा धूर झाडांच्या वर सरळ उभा राहिला. गेटावर नारळ घेतलेले लोक होते आणि पाटी उतरवा म्हणायला आलेले बाबुलालचे लोकही होते. विनोद त्यांना सांगत होता की दर्शन घ्या, पण आत काही पेटवायचं नाही.

“मंग तो काय हाये?” बाबुलालनं बोट दाखवलं. “आत कोनाची पार्टी चालू हाये, चौकीदार साहेब?”

विनोद बादली घेऊन धावला.

तिनं त्याला येताना पाहिलं, आधी अंगावरचा खाकी शर्ट आणि मग तोंड.

“तुही तं आज सुट्टी होती,” ती म्हणाली.

“रद्द झाली.” त्याला धाप लागली होती. “माय, काय करून राहिली तू?”

“जा तू. तू पाह्यलंच नाई, जा.”

“साऱ्या गेटानं धूर पाह्यला, माय. कोन येऊन राहिलं आयक.”

पायवाटेवर माणसांचे आवाज चढत होते. विनोद भरलेली बादली धरून उभा राहिला. ओतायला हात उचलला, पुन्हा खाली आणला. ज्या नवसानं आपल्याला ही नोकरी लागली असं आई मानते, त्याच नवसावर पाणी ओतायचं त्याच्यानं होईना. आणि ओतलं नाही तर नोकरी संपली, तीही आत्ता, या लोकांच्या देखत.

कुंताबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या हातातून बादली काढून घेतली आणि स्वतःच्या हातानं ओतली. छस्स करून राखेचा ढग उठला. वर आपली गुंडीही रिकामी केली. अर्धे कच्चे रोडगे काळ्या चिखलात तरंगत राहिले. बादली तिनं परत त्याच्या हातात दिली. ती रिकामी बादली धरलेला विनोदच तेवढा लोकांना दिसला.

“अरे बाप्पा!” बाबुलालचा आवाज मोठ्ठा. “मायच्या नवसावर पानी ओतलं यानं! मारोतीच्या डोयापुढं!”

“म्या ओतलं,” कुंताबाई म्हणाली.

“पोट्ट्याले वाचवून राहिली बिचारी,” कुणीतरी म्हणालं. झालं. तीच गोष्ट गावात पोचली, आणि ज्यांनी तिचं खरं मानलं ते म्हणाले, मग नवस हिनंच बुडवला.

दोनच दिवसांनी ग्रामसभा लागली. रेंजर साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला. इतके दिवस स्पीकर आणि कोंबडीसाठी भांडणारा बाबुलाल त्या दिवशी एकदम देवभक्त झाला होता. “पार्टी सोडा, साहेब. आता देवावर बंदी आली! नवसाचे रोडगे इझवनारा चौकीदार आमाले पाह्यजेच नाई.”

केशवराव उठले. “मले चौकीदार पाह्यजे. पण ज्याच्या घरचेच आत आग पेटवतात असा नाई. दुसरा द्या.”

पाटी लागल्यापासून एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन तट एका मिनिटात एका गोष्टीवर आले. विनोदला काढा. कुंताबाईनं पदर तोंडाला लावला होता. तो तिनं काढला आणि उभी राहिली. ग्रामसभेत ती याआधी कधी बोललेली नव्हती.

“विस्तव म्या पेटवला. त्याची सुट्टी पाहून पेटवला. इझवला बी म्याच. त्यानं ना पेटवला, ना इझवला. मंग त्याले काहून काढता?” ती थांबली. “आन बाबुलाल, तू मारोतीले एक नारळ तरी वाहिला का कधी? दुकान तं त्याच्या नावाचं घेऊन बसला.”

बाया हसल्या. बाबुलाल म्हणाला, “म्हातारीले कोन शिकवून पाठवलं ते माहीत हाये,” आणि माझ्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं.

साहेब समजूतदार माणूस. त्यांनी पाटी उतरवली नाही आणि विनोदलाही काढलं नाही. त्याला सभेपुढं समज दिली, चौकीदारांचं कंत्राट जूनमध्ये पुन्हा होताना ही गोष्ट पाहिली जाईल म्हणाले. पुढच्या वर्षापासून जयंतीच्या एका दिवसापुरती, राखलेल्या जागी, चौकीदारासमोर चूल पेटवायला परवानगी मिळू शकते. नवस करणाऱ्यानं साकोलीच्या ऑफिसात अर्ज द्यावा, ते वर पाठवतील. बाबुलालला ते कमी वाटलं, केशवरावांना जास्त. सभा उठली आणि भांडण रस्त्यावर चालू राहिलं.

जून. हा शब्द तेवढा कुंताबाईच्या कानात राहिला. पुजाऱ्यानं सांगितलं, तुझा भाव देवाला पोचला. तिनं मान हलवली आणि घरी येऊन मला म्हणाली, “भाव पोचला आसन बाई, पन रोडगे कच्चेच राह्यले नं.”

मी अर्ज लिहिला. चार ओळी, साध्या. सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघींनी साकोलीला जायचं ठरलं. सोमवारी ती धुतलेलं लुगडं नेसून वेळेआधीच स्टॉपवर आली होती. एसटी दिसली तशी तिनं माझा हात धरला.

“बाई, अर्जावर नाव कोनाचं?”

“तुझं.”

“मंग साहेब पुसन, कोन ही कुंताबाई? कोनीतरी सांगन, त्या विनोदची माय. पुन्हा त्याचंच नाव निंगन.”

“साहेबांना माहीतच आहे गं.”

“माहीत हाये ते वेगळं. कागदावर नोको. जूनपर्यंत नोको.”

मी तिला दोन शब्द सुनावले. माझा स्वभावच तो. कंडक्टरनं विचारलं, येता का? ती नाही म्हणाली. तिच्याशिवाय अर्जाला अर्थ नव्हता, तेव्हा मीही चढले नाही. एसटी गेली. ती म्हणाली पुढच्या सोमवारी जाऊ, आणि घराकडे न वळता गेटाच्या रस्त्यानं चालू लागली, विनोद खुर्चीवर आहे का ते पाहायला.

कुंता, त्यानंतर किती सोमवार गेले ते मी मोजलेले नाहीत. अर्ज तसाच पडून आहे. तू म्हणशील त्या सोमवारी मी तयार आहे, पण म्हणायचं तुला आहे.