पोरीला शुगर हाय

माझं तोंड फाटकं आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पाटोद्याच्या बाजारात भाजीवाला असो नाहीतर एसटीचा कंडक्टर, मी कुणाला दबत नाही. पण पोरगी दुसरीत गेली तेव्हा तिच्या मॅडमशी मी अगदी हळू, पदर सावरून बोलले. "मॅडम, पोरीला शुगर हाय. जरा लक्ष असू द्या." त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

आमच्याकडं शुगर म्हणलं की पुढं कुणी काही विचारत नाही. घरोघरी एखादं म्हातारं बिनसाखरेचा चहा पितं. पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला की वाढणाऱ्याला कळतं, यांना शुगर हाय. लेकरालाही ती होते हे आधी मलाच पटलं नव्हतं. बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सुई टोचायला शिकवलं आणि बजावलं, की या सुईनं कधी कधी रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटला, हात थरथरले, की तेव्हाच्या तेव्हा गोड द्यायचं. म्हणून तिच्या खिशात मी खडीसाखरेची पुडी ठेवायचे. हेही शाळेत सांगितलं होतं. पण शुगर हा शब्द ऐकल्यावर पुढचं कुणाच्या कानात शिरलंच नाही.

शाळेनं तिला जपलं, खोटं कशाला बोलू. कुणाच्या वाढदिवसाची चॉकलेटं वाटली की मॅडम हिला पेन्सिल द्यायच्या. पंधरा ऑगस्टला खिचडीवाल्या मावशींनी जिलबीचं ताट हिच्या समोरून झाकून नेलं. वर्गातली पोरं तर राखणदारच झाली होती. मला बरं वाटायचं, लेकरावर एवढ्यांची नजर आहे म्हणून.

एक दिवस कवायत झाल्यावर तिला थरथर सुटली. मी शिकवलं होतं तसं तिनं पुडी काढली. तेवढ्यात शेजारची पोरगी ओरडली, "मॅडम, ही साखर खायलीय!" मॅडम धावत आल्या, तिची मूठ उघडली आणि पुडी काढून घेतली. अगदी मायेनं. "तुला चालत नाही ना बाळा," म्हणाल्या. माझ्यावर गेली असती तर हिसकावून घेतली असती. पण ही बापावर गेलेली, मोठ्यांचं ऐकणारी. मग बाकावर डोकं टेकलं आणि हाकेला ओ देईना.

फोन आला तेव्हा मी घरी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. तशीच अनवाणी पळाले. तिला सतरंजीवर झोपवलं होतं, तोंडावर पाणी मारलं होतं, अंगातला गणवेश घामानं चिंब. "साखर आणा," मी म्हणाले, तर सगळे माझ्याकडंच बघत राहिले. मॅडमनी माझा हात धरला. "अहो ताई, शुगर आहे ना तिला!" मी हात झटकला. मावशींच्या चहाच्या डब्यातली साखर घेतली आणि ओल्या बोटानं तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले. देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. बहुतेक दोन्ही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मला बघून घाबरली आणि म्हणाली, "मी न्हाई खाल्ली, आई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडम रडत होत्या, तरी मी बोललेच, "तुमच्या काळजीनंच मेली असती माझी लेक."

दवाखान्यातून आल्यावर मोठ्या सरांनी मला बोलावलं. "ताई, राग मानू नका, पण आता हिला घरीच ठेवा. अभ्यास पाठवून देऊ. उद्या काही झालं तर आमच्यावर येतं." पोरगी एकदा घरी बसली की परत शाळेचं तोंड बघत नाही. मी सातवीत बसले ती बसलेच. म्हणाले, "सर, ती शाळेतच येणार. तिच्यासंगं मी बी येणार."

आणि गेले. व्हरांड्यात बसून ब्लाऊजला हूक लावायचे. मॅडम आधी नजर चुकवायच्या. मग एका जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसल्या. "ताई, पोरांना नेमकं काय सांगू? शुगर म्हणलं की त्यांना घरचे आजोबाच आठवतात." खरंच होतं ते. मी म्हणाले, त्या शब्दाचं नावच काढू नका. सांगा, हिची साखर उतरती, टाकीतलं पाणी उतरतं तशी. उतरली की भरायची. पोरांना एका दमात कळलं. इतकं कळलं की हिला नुसती जांभई आली तरी सगळी ओरडायची, "मॅडम, हिची उतरली!"

पुढं एकदा साखर खरोखर उतरली. मी उठायला लागले तर मॅडमनी आतूनच हातानं खूण केली, बसा. त्यांनी पुडी उघडली, तिच्याजवळ बसून राहिल्या, ती सावरल्यावर बिस्किटं खायला लावली. मोठे सर दारातून बघत होते. घरी ठेवायचं त्यांनी परत काढलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी घरी राहिले. फोन मशीनवरच ठेवला होता. कान सगळा तिकडं, त्यात एक बाही उलटी जोडली. संध्याकाळी पोरगी आली, दप्तर फेकलं.

"आज उतरलती का गं?"

"उतरलती. गणिताच्या तासाला."

"मग मला फोन कावून न्हाई केला?"

"कशाला? मॅडम होत्या की," म्हणत ती खेळायला पळाली सुद्धा.

मला मॅडमचा असा राग आला! एवढं होऊन साधा फोन नाही. जाब विचारायला मी चप्पल घालून निघाले, आणि उंबऱ्यावरच बसून पोटभर रडले.