शालनवहिनींची चार दिवसांची सुट्टी

“एकदाबी उठवायला लागलं न्हाय, तर घेताल?” बबनरावांनी विचारलं. लकव्यामुळे त्यांचे शब्द जड यायचे. मी फॉर्म भरता भरता थांबले.

“मग काय, लगेच घेतील,” मी हसून म्हणाले.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वाशीतल्या एका ट्रस्टमध्ये अर्धा दिवस काम करायचे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की सांभाळणाऱ्याला सुट्टी नसते. म्हणून आमच्याकडे चार खाटा होत्या. पेशंटला चार दिवस आम्ही ठेवायचो, घरच्यांनी तेवढं मोकळं व्हायचं. ऑफिसात याला ‘रेस्पाइट’ म्हणत. तो शब्द मला नीट म्हणता यायलाच महिना लागला. अटेंडंट एकच होता, त्यामुळे संडास-लघवीला धरून न्यावा लागणारा पेशंट घ्यायचा नाही, अशी अट होती. ते बघायला आधी एक दिवस ट्रायल असे.

बबनराव मार्केटात माथाडी होते. पाच वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, कोपरखैरण्याची ती खोली सोडून बाहेर एकही मुक्काम केला नव्हता. साताऱ्याकडे गावी वहिनींच्या आईनं अन्न सोडलं होतं.

“नुसतं तोंड बघून येते, ताई. पर ह्यास्नी धरून न्यावं लागतंय. खोटं कशाला सांगू?”

“तू गप गं,” बबनराव म्हणाले. “माझं मी बघतो.”

ट्रायलच्या दिवशी मी पूर्ण वेळ थांबले. दहा ते पाच ते एकदाही उठले नाहीत. समोरच्या चहावर साय धरली.

“मॅडम, त्यांनी चहा घेतला नाही. पाणीपण...” मी ऑफिसच्या मॅडमना चाचरत म्हटलं.

“नवीन जागा आहे, लाजत असतील. मदत लागली का?”

“नाही.”

“मग तेवढंच लिही.”

मी लिहिलं. चांगलं वळणदार अक्षर काढून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना आमच्याकडे सोडून वहिनी गावी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बबनराव हाकेला ओ देईनात. जीभ कोरडी ठक्क. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी किती पितात हे?” अटेंडंटनं माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. सलाईन लावलं. मॅडमनी गावातल्या दुकानात फोन करून निरोप ठेवला.

वहिनी संध्याकाळी पोचल्या. आईनं लेकीला ओळखून हात धरला होता. तो सोडवून त्या निघाल्या होत्या.

“का केलं वो असं?” त्या नवऱ्यापाशी बसल्या. बबनरावांनी डोळे उघडले, पण पाहिलं माझ्याकडे.

“एकदाबी न्हाय उठलो, ताई,” ते म्हणाले. “लिवा.”

दोन दिवसांनी आई गेली. मातीला जायचं तर बबनरावांना ठेवायचं कुठे? आमच्या अटीत ते आता बसत नव्हते. वहिनी गेल्या नाहीत.

नंतर फॉर्मवर ‘पाणी किती ग्लास’ असा एक रकाना वाढला. तो मीच सुचवला, मॅडमनी माझं कौतुकही केलं. अट मात्र तशीच राहिली. मदत लागली नाही आणि मदत मागितली नाही, हे वेगवेगळं लिहायचं असतं, एवढं मी त्या नोकरीत शिकले. शालनवहिनींनी पुन्हा फॉर्म मागितला नाही.