शनिवारचं लोखंड

आईच्या अंगात रक्त इतकं कमी झालं होतं की बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "भाजीवाला येतो का पाहते." गर्भाशयाचं ऑपरेशन करायचं होतं. पण आधी शिरेतून लोह देऊन रक्त वाढवू, त्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. त्या इंदूरहून फक्त शनिवारी येत, आणि तिथेच माशी शिंकली.

"शनवारी आपण खिळासुद्धा घरात आणत नाही," आई म्हणाली, "अन् तू बाटलीभर लोखंड अंगात भरायला निघाली?"

एक शनिवार असाच फुकट गेला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पोरं माझ्या तासाला झोपतात, पण निदान वाद तरी घालत नाहीत. पुढच्या शनिवारी तिला कशीबशी दवाखान्यात नेली, तर पलंगावर ही हात पदरात लपवून बसलेली आणि नर्स सुई घेऊन ताटकळलेली. माझा पारा चढला. तरी समजावलं, की हे लोखंडाचे इतके बारीक कण आहेत की डोळ्यांना दिसणार नाहीत, आणि प्रत्येकावर साखरेचं वेष्टण आहे. रक्तात शिरले की तिथली प्रथिनं त्यांना वरून चिकटतात. शरीर आतलं लोखंड बघतच नाही, वरच्या वेष्टणावरून ओळख ठरवतं. मग यकृतातल्या पेशी ते कण गिळतात आणि लोखंड हळूहळू मोकळं करतात.

"हळूहळू म्हणजे कधी?"

"लागतात थोडे दिवस."

"म्हणजे लोखंड निघणार सोमवार-मंगळवारी. आज नुसती साखर." आई विचारात पडली. "अन् शरीराला दिसत नाही, तर शनिमहाराजांना काय दिसणार?"

माझी सगळी पदवी देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायला कामी आली, आणि मी मुकाट्यानं मान डोलावली.

"माताजी, हाथ दो," नर्स म्हणाली. आईनं दिला.

बाटलीतून तांबूस थेंब पडू लागले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"ते साखरेचं खरं होतं का गं?" आईनं हळूच विचारलं.

"अगदी खरं."

"खोटं असतं तरी हात दिलाच असता. सकाळी स्कूटीवर तुझ्या मागे बसली होती ना मी. खांदे थरथरत होते तुझे."

मला रडू फुटलं. नर्सनं पाण्याचा ग्लास आणला आणि पेशंटला सोडून माझ्या हातात दिला.