शनिवारचा शेवटचा तास

धुळ्यात, देवपूरच्या घरी निकमबाईंना शेवटचं भेटले, तेव्हा त्यांनी मला तब्येतीबद्दल बोलूच दिलं नाही. नुकत्याच डायलिसिसहून आल्या होत्या, उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं राहू दे गं. शाळा उघडली की जाऊन ये. शनिवारचा तास चालू ठेवलाय का, तेवढं बघ." दिवाळीची सुट्टी होती. मी हो म्हटलं. शाळा उघडायच्या आत बाईच गेल्या... त्यांनी सांगितलेलं काम माझ्याकडे राहिलं, आणि ते झालं की नाही हे ऐकायला त्या नाहीत.

एरंडोलजवळच्या आमच्या गावातल्या माध्यमिक शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. दहावीच्या करिअर मार्गदर्शनाचं काम त्यांच्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. काय असायचं ते मार्गदर्शन? व्यासपीठावर पाहुणे, शाल, नारळ, तासभराचं भाषण. आणि खाली सतरंजीवर आम्ही, टाळ्यांपुरते. आयुष्य आमचं, आणि त्यावर आम्ही सोडून सगळ्यांनी बोलायचं! बाईंनी हे उलटं केलं. शनिवारच्या शेवटच्या तासाला व्यासपीठावरच्या खुर्च्यांत मुलं बसायची, आणि पालक, शिक्षक, पाहुणे सतरंजीवर. नियम एकच : खुर्चीतलं पोर बोलेपर्यंत खालच्या कुणी तोंड उघडायचं नाही, कितीही वेळ लागो. माझं घर चळवळीचं, पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून मी अभ्यास केला. आवाज म्हणजे घोषणा, एवढंच मला ठाऊक होतं. गप्प बसलेल्या माणसासाठी थांबणं हीसुद्धा लढाई असते, हे बाईंकडे बघून कळलं.

माझ्या वर्गातली मंगल खुर्चीत बसली तो शनिवार मला स्पष्ट आठवतो. तिच्या वडिलांनी, आबांनी, तिच्यासाठी स्थळ बघायला घेतलं होतं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. मंगल मान खाली घालून बसली. पंखा घरघरत होता. मुख्याध्यापक दोनदा खाकरले, बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आबांची चुळबूळ सुरू झाली. आता ही रडते की काय, असं वाटत असतानाच ती म्हणाली, "माले पंपनी मोटार दुरुस्ती शिकनी शे. आयटीआयमा."

सतरंजीवर हशा पिकला. आबाही हसले. "पोरी, मंग खांबवर बी चढशी का?"

"तुम्ही शिडी धरा आबा, चढसू."

आता हसण्याची पाळी आमची होती. पण ती थांबली नाही. "मोटार जयनी, बंद पडनी का बठ्ठं गाव वायरमननी वाट देखस. पानी वाचून कपाशी वाळस. कोनी शिकनं नही का मंग?" आबा बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत बसले. त्या वर्षी स्थळ बघणं थांबलं. आज एरंडोलला मंगलचं स्वतःचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकांना चहा आबाच आणून देतात.

त्या तासाला संस्थेचे एक संचालकही सतरंजीवर बसले होते. त्यांना ते लागलं. "पोरांना डोक्यावर बसवताय, बाई." बाई म्हणाल्या, "खुर्चीतच बसवलंय साहेब, तेही आठवड्यातून एकदा." पुढच्या शनिवारी हॉलला कुलूप. बाईंनी तास वर्गात नेला, आणि निवृत्त होईपर्यंत एकटीने चालवला. निवृत्तीनंतरही, पाय सुजलेले असताना, डायलिसिस सुरू होईपर्यंत धुळ्याहून एसटीने यायच्या. एकाही सहकाऱ्याने तो तास मागून घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. मंगल आणि मी मागे उभ्या होतो. व्यासपीठावर संस्था, शाळा, गाव. बाईंच्या फोटोला केवढा मोठा हार. एकामागून एक सगळे बोलले. विद्यार्थ्यांवर त्यांचं किती प्रेम होतं, हे विद्यार्थ्यांना सांगत राहिले. मुलं सतरंजीवर होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मंगलने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आभार सुरू होणार तेवढ्यात नववीतली एक मुलगी उठली. ओठ हलले, शब्द फुटेना. मुख्याध्यापक माइकवरून म्हणाले, "बस बेटा, वेळ कमी आहे." ती बसली नाही. आणि मग ती सगळी मुलं, एकेक करून, व्यासपीठाकडे पाठ फिरवून तिच्याकडे वळून बसली. कुणी खुसखुसलं नाही. कुणी तिला शब्द पुरवला नाही. ती वाट बघण्याची रीत मी ओळखत होते, आणि ती शिकवणारी बाई आता कुठेच नव्हती... मला रडू आवरेना.

शेवटी तिला आवाज सापडला. "सर, ह्या शनिवारी आमचा तास कोण घेनार शे?"

व्यासपीठावर माइक एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहिला. मुलं मात्र थांबून राहिली.